यादी उलटी धरा: नागपुरात गेमिंग पीसी जोडताना रॅम आणि विंडोजचा विचार आधी

मागच्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "याला गेमचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणे. तू जातोस का याच्यासोबत बर्डीवर?" बर्डी म्हणजे आमचा सीताबर्डीचा बाजार. भाचा घरी आला तेव्हा यादी तयारच होती. सगळ्यात वर काचेचं कॅबिनेट, त्यात सात रंगीत पंखे. खाली ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर. आणि पार तळाशी, उरतील त्या पैशांत बसवायची म्हणून, "रॅम १६", म्हणजे चालू कामाची मेमरी, १६ जीबी. विंडोजचं नावच नव्हतं. "ते दुकानवाले टाकून देतात ना, मामा."

ही यादी मी बऱ्याचदा पाहिली आहे, अक्षर तेवढं बदलतं. नातेवाइकांचे आणि कॉलनीतल्या पोरांचे पीसी जोडून देता देता एक लक्षात आलं. तक्रार घेऊन जे परत येतात, त्यांचं दुखणं ग्राफिक्स कार्डात क्वचितच असतं. रॅम चुकीची घेतलेली किंवा चुकीच्या जागी खोचलेली असते, नाहीतर विंडोज कसंतरी टाकलेलं असतं. म्हणून मी यादी उलटी धरतो. आधी खेळ, खेळावरून ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज की लिनक्स), मग रॅम, रॅमवरून बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) आणि प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट सगळ्यात शेवटी, आणि तेही समोरून जाळीचं.

खेळ कोणता, त्यावर विंडोज की लिनक्स

"काय खेळणार?" या प्रश्नाला "सगळंच" हे उत्तर मी घेत नाही. चार नावं कागदावर लिहायला लावतो. भाच्याच्या कागदावर पहिलंच नाव व्हॅलोरंट होतं, म्हणजे वाद तिथेच मिटला. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून लबाडी पकडतो. लिनक्सवर तो चालत नाही, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची तिजोरी) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरला आत घेणारी सोय) हे दोन्ही चालू नसतील तर खेळू देत नाही. फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग, बॅटलफील्ड ६ यांनाही विंडोजच लागतं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालायचा, २०२४ च्या शेवटी तो बंद केला गेला. जीटीए ५ मधली कथा लिनक्सवर खेळता येते, पण त्याचा ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ पासून तिथे चालत नाही.

कागदावर काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि बाकी एकट्याने खेळायचे कथेचे गेम असतील, तर लिनक्स आता हौशी लोकांपुरतं राहिलेलं नाही. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. ते विंडोजचे गेम आणि लिनक्स यांच्यामधलं दुभाष्याचं काम करतं, आणि त्यांचा हातात धरायचा गेमिंग पीसी, स्टीम डेक, त्याच्याच जोरावर चालतो. शेजारच्या एका मुलाला मी बॅझाइट (गेमिंगसाठी बनवलेलं लिनक्स) टाकून दिलं आणि महिनाभर त्याच्या फोनची वाट पाहिली. फोन आला तो ब्लूटूथच्या हेडफोनसाठी. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर लिनक्समध्ये ड्रायव्हर (तो भाग सिस्टीमला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) वेगळा शोधावा लागत नाही. एनव्हिडियाचं असेल तर ते ड्रायव्हर आधीच घातलेली आवृत्ती उतरवून घ्यायची. दोन्ही सिस्टीम हव्या असतील तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या. एकाच डिस्कचे दोन भाग केले की विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर लिनक्सचा दरवाजा हरवतो. आणि विंडोजच्या डिस्कवरचे स्टीमचे गेम लिनक्समधून चालवायच्या फंदात पडू नका. आज चालतील, उद्या रुसतील.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या मशीनवर ते टाकायचं कारण उरलेलं नाही. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम वेगळं विकत घ्यावं लागत नाही. आजच्या प्रोसेसरमध्ये ते असतंच, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) चालू आहे ना तेवढं बघायचं.

राहिलं लायसन्स. "टाकून देतो" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी अँटिव्हायरस बंद करून एक क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्राम) चालवतो, एवढाच असतो. त्याच मशीनवर मग ताई बँकेचं लॉगिन करणार. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या लायसन्सच्या की बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधल्या असतात आणि कधी मान टाकतील याचा नेम नसतो. ओईएम लायसन्स (नव्या मशीनसोबत दिलं जाणारं) स्वस्त पडतं, पण ते त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की गेलं. रिटेल महाग, पण पुढच्या मशीनवर नेता येतं. दर चार वर्षांनी बोर्ड बदलण्याचा स्वभाव असेल तर रिटेलच परवडतं. महिनाभर पैसे कमी पडले तरी लायसन्सविना विंडोज चालतं, काम अडत नाही. कोपऱ्यात एक ओळ दिसत राहते आणि वॉलपेपर बदलता येत नाही, बस.

रॅम: इथे घाई नको

रॅम आधी ठरवायची कारण तिच्यावरून बोर्ड ठरतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या जुन्या-नव्या पिढ्या. दोन्हींना २८८ पिना, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, आणि बसवायचा जोर लावू नये. एएमडीचा एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत दोन्ही चालतात, पण बोर्ड एकाच जातीचा असतो. दुकानात बोर्डाच्या डब्यावर ते वाचून घ्या, सांगण्यावर जाऊ नका.

नव्याने जोडत असाल तर माझं मत एएम५ आणि डीडीआर५, कारण पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर टाकता येईल. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीच्या चिप उचलल्या, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला चढे भाव आले. भाच्याने उन्हाळ्यात घेतलेल्या रॅमकडे तो आता एफडी असल्यासारखा बघतो. बजेट घट्ट असेल तर एएम४, रायझन ५ ५६०० आणि कुणाच्या तरी जुन्या मशीनमधली डीडीआर४ ही जोडी अजूनही पोटापुरतं चांगलं खेळवते. जुनं घ्यायचंच तर रॅम घ्यावी. तिच्यात फिरणारं काही नसतं आणि रात्रभराच्या चाचणीत ती खराब की चांगली ते कळतं. जुना एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) मात्र मी फुकटही घेत नाही.

किती? १६ जीबी हे आता खालचं टोक. विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड (खेळताना गप्पा मारायचं ॲप) मिळून चार-पाच जीबी सहज खातात आणि उरलेल्यात नवा मोठा गेम कोंबून बसतो. ३२ असेल तर पुढची काही वर्षं बघायला नको. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ तर शिफारसच ३२ ची करतो. नुसतं व्हॅलोरंट खेळणाऱ्याने ३२ साठी ग्राफिक्स कार्ड कापू नये.

आता ते वाक्य, जे मी काउंटरवर दोन वेळा ऐकलं: "डीडीआर५ आहे दादा, एकच स्टिक घ्या, ती आतून डबल चॅनेलच असते." अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये ३२-३२ बिटांच्या दोन वाटा असतात हे खरं. पण ३२ आणि ३२ मिळून ६४, आणि डीडीआर४ ची एक स्टिक ६४ बिटांचीच होती. रस्ता तेवढाच रुंद, मध्ये दुभाजक टाकला इतकंच. रुंदी दुप्पट हवी तर स्टिक दोनच लागतात. एक १६ ची घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन, किंवा जमलं तर १६-१६ च्या दोन, आणि त्या एकाच पाकिटातल्या. "एक आत्ता, एक दिवाळीला" असं केलं की दिवाळीला तीच कंपनी, तेच मॉडेल मिळूनही आतली चिप बदललेली असू शकते, आणि मग दोघींचं पटत नाही.

चार स्लॉट दिसतात म्हणून चारही भरायचे असं नाही. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो.

वेगाचं गणित सोपं आहे आणि खिशात ठेवावं. पाकिटावर दोन आकडे असतात, वेग आणि सीएल. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, रॅम उत्तर द्यायला किती नॅनोसेकंद घेते ते निघतं. ६००० सीएल३० म्हणजे १०. ५६०० सीएल४६ म्हणजे १६ च्या वर. डीडीआर४ ची जुनी ३२०० सीएल१६ सुद्धा १० च. म्हणजे नुसता मोठा आकडा बघून ५६०० सीएल४६ घेतली, तर उत्तर द्यायला ती जुन्या रॅमपेक्षा जास्त वेळ घेते. एएम५ साठी ६००० सीएल३० नाहीतर सीएल३६ वर थांबा. त्याच्या वर गेलात तर काय होतं ते पुढे येईल, आमच्या मे महिन्याबरोबर.

बाकी यादी, भराभर

भाच्यासाठी प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतला. ६ कोअर, ६५ वॅट, सोबत पंखा येतो आणि आत छोटं ग्राफिक्स असतं, जे जोडताना कामी येतं. एकूण पैशांतला तिसरा हिस्सा, थोडा जास्त, ग्राफिक्स कार्डाला. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा ५५० ते ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का) असलेला. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवून या. बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या, जीएसटीसकट पक्कं बिल. मी एकदा कच्च्या बिलावर बोर्ड घेतला होता. आठ महिन्यांनी तो गेला तेव्हा दुकानदाराने चहा पाजला, बाकी काही दिलं नाही.

ऊन, कूलर आणि वीज

पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यांत हा भाग नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३८-४० अंशांवर असते. पीसीचे पंखे खोलीतली हवाच आत ओढतात. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं ग्राफिक्स कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणारच. त्यात पंखेवाल्याचा दोष नाही. काचेचं बंद तोंड असलेलं कॅबिनेट इथे भट्टी होतं. समोर जाळी, दोन पंखे आत घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. सात रंगीत पंख्यांच्या पैशांत रॅम आली.

कूलर म्हटलं की नागपुरात प्रोसेसरचा कुणाला आठवत नाही, खिडकीतला आठवतो. त्याची हवा पीसीला चालते का, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. नुसत्या दमट हवेने चालू मशीनवर दव धरत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरम असतात. खरा त्रास शिंतोड्यांचा आणि धुळीचा. कूलरच्या ताट्यांमधून (ओल्या गवती पडद्यांमधून) उडालेले बारीक थेंब आणि रस्त्याची धूळ मिळून हीटसिंकवर (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांवर) गाळ बसतो, आणि आपल्या जड पाण्याचा पांढरा क्षार वेगळाच. म्हणून पीसी कूलरच्या झोतासमोर नको, बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंच. दुसरी खिडकी किंवा दार उघडं ठेवा.

माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये मी हौसेने ६४०० वाली रॅम घेतली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत एक तक्रार नाही. मे लागला आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला विंडोज कोसळून निळा पडदा यायला लागला, रात्री सगळं ठीक. चार दिवस मी ग्राफिक्स कार्डाला शिव्या दिल्या. डीडीआर५ च्या स्टिकवर वीज सांभाळणारी चिप बसवलेली असते, ती आणि रॅम दोन्ही तापल्या की ताणलेला वेग टिकत नाही. वेग ६००० वर आणला, त्रास संपला.

विजेचं तर विचारू नका. आधी प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, गेम चालू असताना लाइट गेली की तोच आधी टुंग करतो. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर त्याच्या पाठीमागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावा. नाहीतर लाइट बदलायच्या क्षणात पीसी बंद पडतो.

जोडणी

उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी अंगात स्थिर वीज साठते, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो तो तिचाच. खिडकीतला कूलर चालू असेल तर हवा दमट राहून ती कमी होते, एवढा उपकार तो करतो. तरी एसएमपीएसची पिन प्लगमध्ये लावून, मागचं बटण बंद ठेवून, अधूनमधून त्याच्या धातूला हात लावत राहा. भाच्याला मी गालिच्यावरून उठवून टेबलाशी बसवलं.

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट नको. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, अलगद सोडा, दाबू नका. मग रॅम. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिला-दुसरा नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, टक् असा आवाज यायला हवा. भाच्याने पहिल्यांदा अर्धवटच बसवली होती. "बोर्ड तुटेल, मामा." नाही तुटत. एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पट्टीवरचं प्लास्टिक सोला. प्रोसेसरवर पंखा बसवा, त्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असेल तर वेगळी लावू नका.

आणि आता लगेच कॅबिनेटमध्ये घालायचं नाही. बाहेरच २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा, एचडीएमआय बोर्डाला जोडा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवा. इथे चालला तर पुढे अडचण आली तरी कारण कॅबिनेटमध्येच शोधायचं हे कळतं.

आमचा चालला, पण पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. बोर्डावर रॅमचा दिवा पिवळा जळतोय. "गेला काय बोर्ड?" म्हणत भाच्याचा हात स्विचकडे. मी तो धरला. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःला बोर्डाशी जुळवून घेते, त्याला मिनिटंच्या मिनिटं लागू शकतात. त्यात वीज तोडली की सगळं पहिल्यापासून. तर्री पोहे आणायला त्याला कोपऱ्यावर पाठवलं. तो परत आला तोवर बायोस समोर होतं.

मग कॅबिनेट. बोर्डाखालचे पितळी खुंटे बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते बघा, जास्तीचा खुंटा शॉर्ट करतो. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर दिसायला बहिणी आहेत, पण फुटतात वेगळ्या. कार्डाची ६ आणि २ अशी, प्रोसेसरची ४ आणि ४ अशी. शेवटी एचडीएमआय बोर्डावरून काढून ग्राफिक्स कार्डाला लावा. हे मी एकदा विसरलो होतो आणि दोन दिवस "एवढं महाग कार्ड आणि ३० एफपीएस (सेकंदाला चित्रं)?" असं ऐकून घेतलं.

बायोस, चाचणी, विंडोज

बायोस अद्ययावत करून घ्या, मग रॅमचा पाकिटावरचा वेग लावणारी सेटिंग, एएमडीवर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी, चालू करा. हे केलं नाही तर ६००० ची रॅम त्यापेक्षा हळू चालते आणि तुम्हाला कधी कळतही नाही. टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, रिसायझेबल बार (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू. मग विंडोजच्या आधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू द्या. लोक हे नंतर करतात, मी आधी, कारण खराब रॅमवर टाकलेलं विंडोज जन्मतःच मोडकं असतं. एक जरी चूक दिसली तरी रॅम परत. शक्यतो ही चाचणी एसी लावून करू नका, जशा खोलीत मशीन राहणार तशाच खोलीत करा.

विंडोजची पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा, ८ जीबीची पुरते. वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण सेटअप मध्येच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर तर इंटरनेटवर असतो. अडकलात तर फोनचं यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा तारून नेतं. दुसऱ्या डिस्क असतील तर त्या काढून ठेवा. डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असायला हवी, जुन्या एमबीआर पद्धतीवर टाकलं तर सिक्युअर बूट चालणार नाही आणि व्हॅलोरंट दारातूनच परत पाठवेल.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. नंतर बायोस बदललं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्याच खात्यात असते, पण आजच वहीत लिहून ठेवा. ताईच्या घरी ती गॅसच्या कार्डासोबत ठेवली आहे.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) असला तरी विंडोज त्याला बऱ्याचदा ६० वरच चालवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला.

होळीच्या सुमाराला कूलरच्या ताट्या बदलायला माणूस येतो, त्याच दिवशी पीसीची जाळीही धुवायची असं भाच्याशी ठरलं आहे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, मोकळी गरगर फिरू द्यायची नाहीत. आणि जाळी पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही.